ॲसे ९४.१ टक्के, कारण ‘ॲनालिस्ट एरर’: इन्स्पेक्शनमध्ये ताशेरे आले, आता उत्तर काय द्यायचं?

खलबत्ता

५०० मिग्रॅची टॅब्लेट, ॲसेचं (लेबलवरच्या प्रमाणाच्या किती टक्के औषध प्रत्यक्षात आहे, त्याचं) लिमिट ९५ ते १०५ टक्के. एका बॅचची दोन सॅम्पल प्रिपरेशन ९४.१ आणि ९३.८ आली. ओओएस (आउट ऑफ स्पेसिफिकेशन, लिमिटबाहेरच्या निकालाचा तपास) उघडला, चेकलिस्ट भरली, सगळ्या रकान्यांत ‘योग्य’. कारण लिहिलं, ‘सोनिकेशन (ध्वनिलहरींनी पावडर विरघळवणं) अपुरं झालं असावं, ॲनालिस्ट एरर’. दुसऱ्या ॲनालिस्टने नव्याने दोन प्रिपरेशन केली, ९६.९ आणि ९७.३. पहिले निकाल बाद केले आणि बॅच रिलीज झाली.

सुधारित शेड्यूल एमनुसार (औषधनिर्मितीच्या दर्जाचे सरकारी नियम) इन्स्पेक्शन झालं, त्यात दोन मुद्दे आले. पहिला, मूळ निकाल बाद करायला शास्त्रीय पुरावा नाही, आणि वर्षभरातल्या १४ ओओएसपैकी ११ याच कारणावर बंद केले आहेत. दुसरा, एचपीएलसीच्या (औषधाचं प्रमाण मोजणारं यंत्र) ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर आपोआप ठेवतं त्या नोंदींत, मुख्य सिक्वेन्सच्या आधी ‘ट्रायल’ नावाने दोन इंजेक्शन आहेत आणि त्यांची नोंद कुठेच नाही.

ॲनालिस्टला ट्रेनिंग दिलं, एसओपी (लेखी कार्यपद्धती) सुधारली, एवढं कापात (CAPA, चूक सुधारण्याची आणि पुन्हा होऊ न देण्याची योजना) लिहून भागेल का? नसेल तर तपास नेमका कुठून परत सुरू करायचा?

---

मोजपात्र

नाही भागणार. ‘झालं असावं’ हा शब्दच तुमच्या विरोधात जातो. सोनिकेशन अपुरं पडलं हा अंदाज आहे, आणि तो तपासून बघता येण्यासारखा होता. तपासला नाही, हीच त्रुटी लिहिली गेली आहे.

ओओएस आल्यावर पहिला नियम म्हणजे काहीही ओतून टाकायचं नाही. स्टॉक फ्लास्क, डायल्यूशनचे फ्लास्क, व्हायल, उरलेली पावडर, सगळं सुपरवायझर बघेपर्यंत तसंच ठेवायचं. नंतर एका वेळी एकच गोष्ट बदलत जायची.

त्याच व्हायलमधून परत इंजेक्ट करा. आकडा ९४ च्या आसपासच आला तर इंजेक्टर, सुईतला बुडबुडा वगैरे कारणं गेली. त्याच डायल्यूशन फ्लास्कमधून नवी व्हायल भरा, म्हणजे व्हायल आणि तिथला फिल्टर सुटला. स्टॉकमधून नवं डायल्यूशन करा, म्हणजे पिपेटची चूक असेल तर दिसेल. सगळ्यात शेवटी स्टॉक फ्लास्क आणखी १५ मिनिटं सोनिकेट करून परत बघा. आकडा ९४ वरून ९७ ला चढला तर सोनिकेशनच कमी पडलं होतं, याचा पुरावा तुमच्या हातात आहे. तिथेच राहिला तर ते कारण मेलं, मग ते रिपोर्टमध्ये लिहायचंच नाही. ही इंजेक्शनं फक्त कारण शोधायला आहेत, त्यांच्यावर बॅच रिलीज करता येत नाही. आणि ती करण्याआधी दोन ओळींचा प्रोटोकॉल लिहून क्यूएची (गुणवत्ता हमी विभागाची) सही घ्यायची.

इथे एक गल्लत फार होते. परत इंजेक्ट करणं वेगळं, रिटेस्ट वेगळं, रिसॅम्पल वेगळं. रिटेस्ट म्हणजे मूळ सॅम्पलच्याच पावडरमधून नव्याने प्रिपरेशन. रिसॅम्पल म्हणजे बॅचमधून नव्या टॅब्लेट काढणं. मूळ सॅम्पलच नीट काढलं गेलं नव्हतं, असा पुरावा असेल तरच रिसॅम्पल. रिटेस्ट किती, कोण करणार, हे एसओपीत आधीपासून ठरलेलं हवं. पास आला की थांबायचं आणि नापास आला की अजून एक करायचं, हेच ते ‘टेस्टिंग इनटू कम्प्लायन्स’. १९९३ साली अमेरिकेत बार लॅबोरेटरीजच्या खटल्यात न्या. वोलिन यांनी यावरच बोट ठेवलं होतं. यूएस एफडीएचं ओओएसवरचं २००६ चं मार्गदर्शन त्याच धाग्यावर आहे, २०२२ मध्ये ते सुधारूनही आलं.

सरासरीचाही मोह टाळा. ९० ते ११० लिमिट असताना ८९, ९०, ९१ आले तर सरासरी ९० भरते, पण तीन आकडे मिळून पहिलाच आकडा खरा असल्याचं सांगतात. केमिकल ॲसेत निव्वळ आउटलायर टेस्ट (वेगळा पडलेला आकडा ओळखायची सांख्यिकी चाचणी) लावून आकडा उडवणंही चालत नाही.

फ्लास्क आता नसणारच, म्हणजे सोनिकेशनचं कारण सिद्ध करायची वेळ गेली. तुमच्याकडे उरलेत कागद, क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीचे आलेख) आणि बीएमआर (बॅच कशी बनवली त्याची नोंदवही). तिथून परत सुरू करा. ‘कॅल्क्युलेशन तपासलं: होय’ अशी टिक सोडून द्या, प्रत्येक आकडा कुठून आला ते मूळ कागदावर बोट ठेवून बघा. कारण सापडलंच नाही तर ९४.१ आणि ९३.८ हे वैध निकाल म्हणून उभे राहतात आणि बॅचचा निर्णय ते धरूनच घ्यावा लागतो.

---

दाणेदार

क्यूसी (तपासणीची प्रयोगशाळा) कितीही धुंडाळलं तरी अर्धा तपास प्रॉडक्शनमध्ये असतो. ९४ हा आकडा खराही असू शकतो, हे धरूनच बीएमआर उघडा.

सगळ्यात आधी डिस्पेन्सिंग शीट, म्हणजे कच्चा माल किती मोजून दिला तो कागद. २ लाख टॅब्लेटची बॅच, म्हणजे १०० टक्के आधारावर १०० किलो एपीआय (मूळ औषधद्रव्य) लागतो. एपीआयच्या सीओएवर (तपासणीच्या प्रमाणपत्रावर) ॲसे ९९.० टक्के, पण तो वाळवलेल्या मालावर. एलओडी (वाळवल्यावर घटणारं वजन) ३.५ टक्के असेल तर गोणीतल्या मालाची खरी पोटेन्सी (शुद्ध औषधाचं प्रमाण) ०.९९ × ०.९६५, म्हणजे ९५.५ टक्के. तेव्हा वजन करायला हवं १०४.६७ किलो. डिस्पेन्सिंगवाल्याने सरळ १०० किलो मोजले, तर टॅब्लेटचा ॲसे जेमतेम ९५.५ ला सुरू होतो. वर फ्लुइड बेड ड्रायरच्या फिल्टर बॅगेत थोडा बारीक चुरा गेला की ९४ ला यायला वेळ लागत नाही. जास्तीचे ४.६७ किलो कुठल्या एक्सिपियंटमधून (औषधाबरोबरच्या पूरक घटकातून) वजा केले, हेही बघा. केलेच नसतील तर टॅब्लेटचं सरासरी वजन चुकलेलं दिसेल.

एपीआयचे दोन लॉट मिसळून वापरले असतील तर प्रत्येक लॉटची पोटेन्सी वेगळी धरली होती का? इथे खूप ठिकाणी पहिल्याच लॉटचा आकडा दोघांना लावलेला सापडतो.

मग ब्लेंडचा, म्हणजे टॅब्लेट दाबण्याआधीच्या मिश्रणाचा ॲसे. त्याचं लिमिट साधारण मोकळं असतं, म्हणून ९५ ला पास होऊन जातो आणि कोणी मागे वळून बघत नाही. फिनिश्ड प्रॉडक्टचा ९४ आणि ब्लेंडचा ९५ शेजारी ठेवले की चित्र बदलतं. उलट ब्लेंड ९९ आणि टॅब्लेट ९४ असेल तर हॉपरमध्ये सेग्रिगेशन झालं का, म्हणजे मिश्रणातले कण वेगळे झाले का, ते शोधा. कॉम्प्रेशनच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या टॅब्लेट वेगवेगळ्या तपासल्या की ते उघड होतं. कंपोझिट पावडरमध्ये ते झाकलं जातं.

५०० मिग्रॅच्या टॅब्लेटला कंटेंट युनिफॉर्मिटी (प्रत्येक टॅब्लेटमध्ये औषध सारखं आहे का) बहुधा वेट व्हेरिएशनने, म्हणजे टॅब्लेटच्या वजनांवरून घेतात. ती ॲसेवरूनच काढतात, त्यामुळे ती पास झाली म्हणून एपीआय पुरेसा होता असं म्हणता येत नाही. हा युक्तिवाद रिपोर्टमध्ये वाचायला मिळतो, तुमच्या उत्तरात तो टाळा.

---

ताळेबंद

‘ट्रायल’ इंजेक्शनबद्दल. हा मुद्दा पहिल्यापेक्षा जड आहे, कारण इथे प्रश्न नुसत्या चुकीपुरता राहत नाही, विश्वासाचा होतो.

इन्स्पेक्टर एचपीएलसीसमोर बसतो तेव्हा प्रोजेक्टची यादी मागतो. ट्रायल, टेस्ट, डेमो, कंडिशनिंग असल्या नावांचे फोल्डर आधी उघडतो. मग सगळी इंजेक्शनं तारीख-वेळेनुसार लावतो, सिक्वेन्सनुसार नाही. १०.४२ ला सॅम्पलचं एक इंजेक्शन, १०.५८ ला मध्येच थांबवलेलं दुसरं, आणि ११.३० पासून अधिकृत सिक्वेन्स, असं दिसलं की पुढचा प्रश्न ठरलेला: अर्धा तास काय चाललं होतं? नंतर कॉलमचं रजिस्टर काढतो. रजिस्टरमध्ये ४८ इंजेक्शन आणि सॉफ्टवेअरमध्ये ५४, तर सहा कुठली? मग बॅलन्सचे (वजनकाट्याचे) प्रिंटआउट. पाच वजनं छापली आणि वर्कशीटवर चारच चिकटवली, तर पाचवं कशाचं?

‘लाइट गेली म्हणून रन थांबला’ असं लिहिलेलं असेल तर यूपीएसचा लॉग आणि त्याच खोलीतल्या इतर एचपीएलसी बघितल्या जातात. लाइट एकाच मशीनची जात नाही.

सिस्टिम स्थिर झाली का ते बघायला स्टँडर्ड (शुद्धता माहीत असलेला तुलनेचा नमुना) किंवा वेगळं ठेवलेलं कंट्रोल सॅम्पल मारायला हरकत नाही, पण ते एसओपीत लिहिलेलं हवं आणि त्याचा डेटा ठेवलेला हवा. चालू बॅचचं सॅम्पल ‘ट्रायल’ म्हणून मारणं यूएस एफडीएच्या डिसेंबर २०१८ च्या डेटा इंटिग्रिटीवरच्या प्रश्नोत्तरांत स्पष्ट नाकारलं आहे. कारण सरळ आहे: आधी आकडा बघायचा आणि आवडला तरच अधिकृत करायचा, याला ती वाट मोकळी करून देते.

आता तुम्ही काय करा. ती दोन क्रोमॅटोग्राम उघडा आणि आहेत तशी प्रोसेस करा. व्हायलमध्ये नक्की काय होतं हे रिटेन्शन टाइम (पीक किती मिनिटांनी आला), एरिया (पीकचं क्षेत्रफळ) आणि नमुन्याच्या नावावरून कळेल. स्टँडर्ड निघालं तर तसं लिहा, सॅम्पल निघालं तर त्याचा निकालही रिपोर्टमध्ये आला पाहिजे, पास असो की नापास. मग तीच झडती सगळ्या मशीनवर, निदान मुदतीत असलेल्या सगळ्या बॅचपुरती. दोन इंजेक्शनचा खुलासा देऊन थांबलात तर पुढच्या वेळी तिसरं सापडेल.

इंटिग्रेशनही, म्हणजे पीकचं क्षेत्रफळ कसं मोजलं तेही, बघून घ्या. रिलेटेड सब्स्टन्समध्ये (अशुद्धींच्या चाचणीत) १२ ते १३ मिनिटांदरम्यान ‘इन्हिबिट’ (तेवढ्या वेळातले पीक मोजू नका, अशी आज्ञा) लावलेलं असेल आणि बाकीच्या बॅचना नसेल, तर तिथे कुठला पीक दडवला याचं उत्तर तयार ठेवावं लागेल. मॅन्युअल इंटिग्रेशन केलं असेल तर कारण, आधीचं आणि नंतरचं क्रोमॅटोग्राम, दुसऱ्याची सही, तिन्ही हवं. सगळ्या ॲनालिस्टना एकच ‘ॲडमिन’ पासवर्ड असेल तर आधी तो बंद करा. कोणी काय केलं हेच सांगता येत नसेल तर वरचं सगळं व्यर्थ आहे.

---

पेट्रीडिश

वर सगळं सापडलेल्या ओओएसबद्दल आहे. त्याइतकंच गंभीर म्हणजे ज्या लॅबमध्ये ओओएस येतच नाही.

मायक्रोमध्ये (जंतूंच्या चाचण्यांच्या विभागात) हे फार दिसतं. पाण्याचे, हवेचे, हातमोज्यांचे निकाल वर्षभर ‘शून्य सीएफयू’, म्हणजे जंतूंची एकही कॉलनी नाही. इन्स्पेक्टर इनक्युबेटर उघडून वाचून झालेल्या, पण अजून टाकून न दिलेल्या प्लेट मागतो आणि मोजतो. वहीत ०, प्लेटवर ३ कॉलनी. मग प्लेटचा हिशोब सुरू होतो: मीडिया (जंतू वाढवायचं खाद्य) किती लिटर बनवलं, त्यात किती प्लेट ओतल्या, किती वापरल्या, किती नष्ट केल्या. ४० नमुने घेतल्याची नोंद आणि प्लेट ओतल्या २५, तर १५ निकाल कागदावरच जन्मले. मीडियात वाढ होते का, याची ग्रोथ प्रमोशन टेस्ट १०० सीएफयूपर्यंतच्या इनॉक्युलमने (मुद्दाम टाकलेल्या जंतूंनी) करायची असते. हजारो जंतू टाकून ती पास केली तर निकृष्ट मीडियाही पास होतो आणि मग शून्यच येत राहतं.

दुसरं उदाहरण कच्च्या मालाचं. सिरपसाठी ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल येतं. डायइथिलीन ग्लायकॉल आणि इथिलीन ग्लायकॉल प्रत्येकी ०.१० टक्क्याच्या आत हवं, आणि ते प्रत्येक ड्रममधून तपासायला हवं. प्रत्यक्षात २० ड्रमपैकी एक उघडून सप्लायरच्या सीओएवरचे आकडे उतरवले जातात. तिथे ओओएस येईल कसा? मुंबईला जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण गेले, त्याच्या चौकशीसाठी लेंटिन आयोग बसला. ऑक्टोबर २०२२ मध्ये गांबियातल्या मुलांच्या मृत्यूंनंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या चार सिरपबद्दल इशारा दिला, त्यातही विष तेच होतं. ते पकडायची चाचणी अवघड नाही, जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) होते आणि फार्माकोपियात (औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथात) दिलेली आहे.

म्हणून तुमच्या उत्तरात १४ ओओएसचा आकडा लपवण्यासारखा नाही. प्रश्न त्यातल्या ११ च्या कारणाचा आहे.

---

खलबत्ता

दाणेदार, डिस्पेन्सिंग शीट बघितली. एपीआयचा एकच लॉट, पाण्याची भरपाई केलेली आहे, वजन बरोबर. ब्लेंडचा ॲसे ९७.८. ‘ट्रायल’ची दोन्ही इंजेक्शनं स्टँडर्डची निघाली, पण नोंद नव्हती हे खरं आहे.

मोजपात्र यांनी सांगितलं तसं प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून गेलो तर दोन वर्कशीटमध्ये स्टँडर्डची पोटेन्सी वेगळी दिसते. पहिल्या ॲनालिस्टने ९६.४ धरली, दुसऱ्याने ९९.६. वर्किंग स्टँडर्डच्या (रोजच्या वापरातल्या स्टँडर्डच्या) सीओएवर ९९.६ निर्जल आधारावर आहे आणि पाणी ३.२. बाटलीच्या लेबलवर मात्र ‘आहे तशा स्थितीत ९६.४’. आमच्या एक्सेल शीटच्या सूत्रात पाण्याची वजावट आधीपासून आहे. दोन स्टँडर्डचा एकमेकांशी मेळ १००.३ टक्के होता आणि आरएसडी (पुन्हा पुन्हा दिलेल्या इंजेक्शनांतला फरक) ०.४ टक्के, म्हणून शंका आली नाही.

---

मोजपात्र

मग कारण हेच. ९९.६ मधून ३.२ टक्के पाणी वजा केलं की ९६.४ होतं. पहिल्या ॲनालिस्टने लेबलवरचे ९६.४ भरले आणि सूत्राने त्यातून परत ३.२ टक्के वजा केलं. पाणी दोनदा वजा झालं, निकाल तेवढाच खाली आला. उलट करून बघा: ९४.१ भागिले ०.९६८ म्हणजे ९७.२. ९३.८ चे ९६.९. दुसऱ्या ॲनालिस्टचे आकडे ९६.९ आणि ९७.३. ब्लेंड ९७.८. सगळं एका रेषेत येतं.

दोन स्टँडर्डचा मेळ बसणारच होता, कारण चूक दोन्हीकडे सारखी होती. आरएसडी फक्त इंजेक्टरबद्दल बोलतं. पोटेन्सीची चूक या दोन्ही तपासण्यांतून निसटते, म्हणून चेकलिस्टमध्ये ‘सिस्टिम सुटेबिलिटी (यंत्र नीट चालतं का याची तपासणी) योग्य’ लिहून कॅल्क्युलेशनचा मुद्दा बंद करायचा नसतो.

हे सिद्ध झालेलं प्रयोगशाळेतलं कारण आहे. यात मूळ क्रोमॅटोग्राम बाद होत नाहीत, त्याच एरियावरून योग्य पोटेन्सीने निकाल परत काढायचा. जुना रिपोर्ट फाडू नका, बदलू नका. नवा पुरवणी रिपोर्ट काढून त्यात ‘सोनिकेशन’ हे कारण चुकीचं होतं, असं स्पष्ट लिहा. कापा एक्सेल शीटवर हवा: सेल लॉक, सूत्राचं व्हॅलिडेशन, आणि वर्किंग स्टँडर्डच्या लेबलवर एकाच आधाराची पोटेन्सी. ॲनालिस्टने लेबल वाचून आकडा भरला, त्याला ट्रेनिंग देऊन लेबल सुधारत नाही.

आता व्याप्ती. ती बाटली कधी उघडली आणि तेव्हापासून त्या शीटवर कुठल्या कुठल्या बॅच काढल्या, ती यादी करा. या चुकीने निकाल कमी दिसत होते. त्यामुळे वरच्या लिमिटजवळ असलेल्या बॅच आधी बघा.

---

खलबत्ता

बाटली उघडल्यापासून नऊ बॅच आहेत. सहा ९९.६ ने काढलेल्या, तीन ९६.४ ने. त्या तिनातली एक ही ओओएसची. दुसरी ९६.०, म्हणजे दुरुस्त करून ९९.२. तिसरी १०२.४ ला रिलीज झाली आहे, बाजारात गेलेली आहे.

---

मोजपात्र

१०२.४ भागिले ०.९६८ म्हणजे १०५.८. लिमिट १०५ आहे.

त्या बॅचचा नवा ओओएस नंबर आजच काढा. गोदामात आणि डेपोत जो माल उरला असेल तो लगेच थांबवा. मूळ क्रोमॅटोग्रामवरून निकाल परत काढा, मग रिटेन्शन सॅम्पलवर (बॅचच्या राखून ठेवलेल्या नमुन्यावर) एसओपीत ठरलेल्या संख्येने रिटेस्ट. दाणेदार यांनी सांगितलेली डिस्पेन्सिंग शीट इथे उलट्या बाजूने वाचा: पाण्याची भरपाई दोनदा झाली का, आणि टॅब्लेटचं वजन वरच्या टोकाला होतं का. १०५.८ टिकला तर रिकॉलचा निर्णय क्यूए प्रमुखाने लेखी घ्यायचा आणि परवाना अधिकाऱ्यांना कळवायचं. इन्स्पेक्शनच्या उत्तरातही ही बॅच तुम्ही स्वतःहून लिहा, बॅच नंबर आणि दोन्ही आकड्यांसकट.

उरलेल्या दहा ओओएसच्या वर्कशीट घेऊन बसाल तेव्हा पोटेन्सीचा रकाना आधी बघा.